फळीचें वजन आणि हाताचें लाघव

संस्कृतांत 'लाघव' या एकाच शब्दाचे हलकेपणा आणि चापल्य असे दोन्ही अर्थ होतात; मराठींतील 'हस्तलाघव' हा शब्द त्यांपैकीं दुसऱ्या अर्थाचा. मुलांसाठीं टेबल-टेनिसची बॅट घेण्यास जाणाऱ्या वडील मंडळींस मात्र हे दोन्ही अर्थ एकच वाटतात, आणि दुकानांत त्यांचा प्रश्न एवढाच असतो, कीं "हिचें वजन किती?" हा प्रश्न गैर नाहीं, पण अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत मुलाच्या मनगटास मोजावी लागते, म्हणून या वेळीं हा विषय घेतला आहे.

बॅटीचा मूळ भाग म्हणजे मुठीसह लांकडाची फळी. खेळाडू तिला ब्लेड म्हणतात. तिचा आकार, मान व वजन यांवर नियमाचें कसलेंही बंधन नाहीं. जाडीपैकीं निदान 85 टक्के भाग नैसर्गिक लांकडाचा असला म्हणजे झालें. नुसती फळी बहुधा 80 ते 95 ग्रॅम भरते. तिच्या दोन्ही अंगांस रबरें चिकटवितात. स्पंजाचें एक रबर कापून लावल्यावर 45 ते 50 ग्रॅमच्या आसपास असतें. म्हणजे दोन रबरें मिळून जवळ जवळ फळीइतकेंच वजन होतें, आणि तें सगळें डोक्याकडे जातें, मुठीच्या वांट्यास त्यांतलें कांहीं येत नाहीं. नुसती फळी हातीं घेऊन "किती हलकी!" म्हणणें हें रिकामी घागर उचलून विहिरीवरून पाणी आणण्याचे श्रम अजमावण्यासारखें आहे.

पूर्वीं फळीवर नुसतें पातळ दाणेदार रबर असे. 1952 सालीं जागतिक स्पर्धा मुंबईस भरल्या, तेव्हां जपानच्या हिरोजी सातो यानें जाड स्पंजाच्या बॅटीनें पुरुषांचें एकेरी अजिंक्यपद मिळविलें. तिचा आवाज होत नसे, त्यामुळें प्रतिपक्ष्यांची मोठी फसगत झाली. पुढें 1959 सालीं नियम होऊन स्पंज व रबर मिळून जाडी चार मिलिमीटरच्या आंत ठेवण्याचें ठरलें, आणि तो जोड सर्वत्र रूढ झाला. जपानांत लेखणीसारखी बॅट धरणारे मात्र बहुधा एकाच अंगास रबर लावीत; त्यामुळें त्यांस हिनोकी लांकडाची एकसंध जाड फळी परवडे.

शाळेंत आम्ही मुलांस हातोडा दाखवीत असूं. दांडा धरून हलवावा तर तो जड, डोकें धरून हलवावा तर हलका. तागडींत वजन तेंच. कारण एखादी वस्तु फिरवितांना होणारा विरोध वजनाच्या प्रमाणांत वाढतो, पण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. बॅट मुठीच्या मध्याभोंवतीं फिरते असें धरूं. तेथून फळीचें टोंक सुमारें 20 सेंटिमीटर, मुठीचें बूड सुमारें 5. यांचे वर्ग 400 आणि 25. तेव्हां टोंकाशीं असलेला एक ग्रॅम बुडाशीं असलेल्या एका ग्रॅमच्या सोळापट आडवा येतो!

येथें एक गंमत आहे. बॅट डोक्याकडे जड वाटली कीं कित्येक जण मुठीवर पट्टी गुंडाळतात. तोल मागें येतो हें खरें. पेन्सिलीवर आडवी ठेवून पाहिल्यास तें दिसतेंही. हातांत धरून उभें राहण्यास बरें वाटतें. परंतु फिरविण्याचा विरोध त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं, उलट किंचित् वाढतो. तागडी वजन सांगते, पेन्सिल तोल सांगते, ही तिसरी गोष्ट मनगटासच कळते.

"जड बॅटीनें फटका जोरदार बसतो" हा समज आम्हांस फारसा मान्य नाहीं. चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा, त्याच्यापुढें 170 ग्रॅमची बॅट काय आणि 190 ग्रॅमची काय, दोन्ही डोंगरच. बॅटीचा वेग सारखा असेल तर चेंडूच्या वेगांत फरक पडतो तो अगदीं थोडा. आणि जड डोक्याच्या बॅटीस तो वेग देणेंच कठीण. टेबलापासून दूर राहून लांब हात फिरविणाऱ्यास डोक्याकडील वजन साह्य करतें, कारण त्यास वेळ असतो, आणि एकदां गति घेतलेली बॅट डगमगत नाहीं. टेबलाजवळ उभें राहून क्षणांत फोरहँड, क्षणांत बॅकहँड करणाऱ्यास तेंच वजन बेडी होते.

आमच्या धाकट्या बंधूंची नात अकरा वर्षांची आहे. तिला कोणा हितचिंतकानें प्रौढ खेळाडूंच्या तोलाची बॅट आणून दिली. दोन महिन्यांत मनगट दुखूं लागलें, आणि "मुलीस खेळ झेपत नाहीं" अशी भाषा माजघरांत सुरू झाली. शाळेच्या संघांतून तिचें नांव काढण्याची चिठ्ठीही लिहून तयार होती. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली, ती दिलीच. पण फळी तीच ठेवून बॅकहँडच्या अंगाचें रबर पातळ स्पंजाचें लावविलें. वजन आठेक ग्रॅमनें उतरलें, पण उतरलें तें डोक्याकडून. चिठ्ठी तशीच फडताळांत राहिली आहे.

बॅट घ्यावयाची झाल्यास ती रबरें लावलेली अशीच पाहावी, आणि मुलानें निदान वीस मिनिटें तिनें खेळावें. दुकानदार तशी देत नसेल, तर संघांतील सोबत्यांच्या दोनतीन बॅटी मागून आणाव्या. वजन करण्यास तागडी स्वयंपाकघरांत आहेच.