आरशात स्वतःचीच गाडी कशाला?
पुण्यात सिग्नल सुटला की डावीकडून दुचाकी कधी घुसली हे गाडीवाल्याला कळतच नाही. मग खापर फुटतं दुचाकीवाल्याच्या डोक्यावर. (बऱ्याचदा ते योग्यच असतं, तो भाग वेगळा.) पण थोडा दोष आपल्या आरशांचाही आहे. बहुतेकांच्या बाजूच्या आरशात स्वतःच्याच गाडीची दारं ऐसपैस दिसत असतात. ती काय पळून जाणार आहेत? जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे. डोकं उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा इतका बाहेर फिरवायचा, की गाडीची कड जेमतेम दिसावी. मग दोन्ही सीटांच्या मध्ये झुकून डावा तसाच लावायचा. नीट बसलं की आपली गाडी आरशातून गायब होते आणि मधल्या आरशातून निसटलेली स्कूटर बाजूच्या आरशात सापडते. समोरच्या काचेलगतच्या खांबाला हा उपाय चालत नाही. घाटातल्या वळणावर त्याच्याआड अख्खी मोटारसायकल लपते. तिथे मान पुढेमागे हलवूनच बघावं लागतं. आणि हो, मागच्या काचेशी रचलेल्या त्या उशा आणि टेडी आजच घरात नेऊन ठेवा.