ऑफिसच्या कचऱ्याची पिशवी उघडा

हिरवा आणि निळा डबा शेजारी ठेवला, वर ‘ओला’, ‘सुका’ असं चिकटवलं, की वर्गीकरण झालं असं बहुतेक ऑफिसांत धरून चालतात. खरं काय ते पिशवी उघडल्याशिवाय कळत नाही. एका दिवसाचा सगळा कचरा ताडपत्रीवर ओतायचा, हातमोजे घालून ढीग लावायचे आणि प्रत्येक ढिगाचं वजन करायचं, हे झालं कचऱ्याचं ऑडिट. ते आधी जाहीर करू नये. सूचना फिरली की तेवढ्या दिवसापुरते सगळे शिस्तीत वागतात.

ताडपत्रीवर सर्वांत जास्त घोळ घालतो तो चहाचा कागदी कप. तळाशी घोटभर चहा ठेवूनच तो सुक्या डब्यात पडतो आणि खालचे प्रिंटआउट, पाकिटं, पुठ्ठा सगळं भिजवतो. कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे खतात टाकला तर तो थर तसाच उरतो, आणि रद्दीतही त्याला सहसा भाव नसतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं, की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. इथे तिसरा डबा आणून काही साधणार नाही. कप विकत घेणंच थांबवावं, स्टीलचे किंवा चिनी मातीचे पेले आणावेत.

भिजलेल्या कागदाचं नुकसान कुणाचं होतं?

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आली. सुका माल विकून येणारे पैसे हा या वेचकांच्या कमाईचा मोठा भाग. कोरडा पांढरा कागद विकला जातो, आमटी सांडलेला फेकावा लागतो. स्वच्छतागृहातले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे आवाहनही याच संस्थेचं. वेचकांना ते उघडून बघावं लागू नये, एवढीच त्यामागची साधी मागणी.

ओल्या कचऱ्याला तर वजनाशिवाय हात घालूच नये. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पण कॅन्टीनमधून रोज किती किलो निघतं हेच माहीत नसेल, तर खताचं यंत्र केवढं घेणार? नुसता भात, भाजी, आमटी कोंडली की ती आंबून वास मारते. सोबत सुका पाला हवा, खेळती हवा हवी. आवारातला पाला झाडून जाळण्यापेक्षा पोत्यांत भरून ठेवावा.

आणि ऑडिटला सफाई कर्मचाऱ्यांना आग्रहाने बोलवा, कामाच्या वेळेत आणि साहेबांच्या बरोबरीने. कोणत्या मजल्यावरून काय येतं ते त्यांना तोंडपाठ असतं. महिन्याभराने त्याच वारी पुन्हा वजन करा आणि दोन्ही आकडे नोटीस बोर्डावर लावा.