रिकाम्या जागा भरा

वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं, याबद्दल आपल्याकडे सूचनांची कमतरता नाही. रक्तातली साखर तपासावी, मुलीच्या लग्नाचं बघावं, सकाळी फिरायला जावं आणि फिरून आल्यावर वडा खाऊ नये. पण 'रिकाम्या जागा भरा' असा सल्ला मी आजवर कुठल्याही कीर्तनकाराच्या किंवा विमा एजंटाच्या तोंडून ऐकलेला नाही. तरीही गेलं वर्षभर संध्याकाळी सात ते आठ मी रिकाम्या जागा भरतो आहे. इंग्रजीच्या. आणि तेही जपानमध्ये बसून!

नागोयाजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं नोकरी करतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण अजून आठ वर्षं तिथलाच भात खायचा आहे. या कारखान्याने फतवा काढला की, पगारपत्रकावर नाव असलेल्या प्रत्येकाने 'टोइक' नावाची इंग्रजीची परीक्षा दिलीच पाहिजे. मी साहेबांना भीतभीत म्हटलं, "मी भारतातून आलोय. आमच्याकडे वरच्या वर्गातली माणसं भांडतातसुद्धा इंग्रजीतच." साहेब कमरेत वाकून म्हणाले, "अरे वा! मग तुम्हाला फारच सोपी जाईल." जपानी माणूस तुम्हाला 'नाही' कधी म्हणत नाही. तो तुमचं कौतुक करतो.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. "अहो, बरंच झालं," ती म्हणाली, "पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकलात तुम्ही. एकदा तपासणी होऊनच जाऊ द्या." तिला माझ्या प्रिपोझिशन्सबद्दल लग्नापासून शंका आहे.

आता ही टोइक काय भानगड आहे ते सांगतो. जपानी लोकांच्या मागणीवरून अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ही परीक्षा तयार केली आणि १९७९ साली ती जपानमध्ये सुरू झाली. कचेरीत लागणारं इंग्रजी मोजायचं, हा हेतू. दोन तासांत दोनशे प्रश्न. शंभर ऐकायचे, पंचेचाळीस मिनिटांत. शंभर वाचायचे, पंच्याहत्तर मिनिटांत. तोंड उघडायचं नाही, एक अक्षर लिहायचं नाही, फक्त पेन्सिलीने गोल काळे करायचे. (बोलण्या-लिहिण्याची परीक्षा वेगळी आहे, तिची आठवण आमच्या कारखान्यात कोणी काढत नाही.) गुण कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ९९०. म्हणजे शून्य मिळवायची सोय नाही. आमच्या गणिताच्या मास्तरांना हे आवडलं नसतं. गुण वाढतात ते पाचापाचाने, आणि या परीक्षेत कोणी नापास होत नाही. नापास करण्याचं काम परीक्षा घेणाऱ्यांनी आपापल्या मालकांवर सोपवलेलं आहे. आमच्या मालकांनी रेघा मारल्या : परदेशी जायचं असेल तर ६००, बढती हवी असेल तर ७३०.

आणि मग सुरू झाला अभ्यास. पेपराच्या पाचव्या भागात तीस वाक्यं असतात, प्रत्येकात एक भोक आणि खाली चार बुचं. एका वाक्याला वीस सेकंदांवर वेळ द्यायचा नाही असं मार्गदर्शकं बजावतात. (ही मार्गदर्शकं इथल्या पुस्तकाच्या दुकानात भिंतभर असतात. आपल्याकडे नवनीत असते ना, तशी.) वीस सेकंदांत वाक्य वाचून समजून घेणार कधी? तर त्याचाही उपाय आहे : वाक्य वाचायचंच नाही! फक्त भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द बघायचा. 'द' आणि 'ऑफ'च्या मध्ये भोक असेल तर तिथे नाम ठोकून मोकळं व्हायचं. मी लहानपणी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली, पुढे रेन अँड मार्टिनच्या पुस्तकाने बोटं दुखवून घेतली. पण त्या मंडळींची समजूत अशी होती की, वाक्य हे वाचण्यासाठी असतं. जुनी माणसं!

शेवटी वेळ उरला नाही तर राहिलेले गोल डोळे मिटून काळे करायचे, कारण चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. याला इथले विद्यार्थी 'नुरिए' म्हणतात. नुरिए म्हणजे लहान मुलांच्या पुस्तकात चित्र रंगवतात ते. पन्नाशीतले चारशे गृहस्थ एका हॉलमध्ये श्वास रोखून चित्रं रंगवताहेत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शब्दसंग्रहाची तऱ्हा आणखी निराळी. टोइकच्या जगात कोणी मरत नाही, चोरी करत नाही, संप तर नाहीच नाही. तिथली झेरॉक्स यंत्रं मात्र कायम बिघडलेली. विमानं उशिरा सुटतात, माल चुकीच्या पत्त्यावर जातो आणि कंपनी लगेच दिलगिरीबरोबर सवलतीचं कूपन पाठवते. सतत कोणीतरी निवृत्त होत असतं आणि त्याच्या मेजवानीसाठी केटरर शोधायचा असतो. त्यामुळे 'इन्व्हॉइस', 'इटिनररी', 'रिइम्बर्समेंट', 'रेनोव्हेशन' हे शब्द आमच्या कारखान्यातला पोऱ्याही झोपेत सांगेल. पण 'भाजलं', 'बोट सापडलं', 'यंत्र बंद कर' हे इंग्रजीत कसं ओरडायचं, ते माझ्यापाशी असलेल्या शब्दांच्या पुस्तकात नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

ऐकण्याच्या भागात अमेरिकन, कॅनडावाले, इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन बोलतात. आमच्या कारखान्याचा व्यवहार थायलंड, इंडोनेशिया आणि चाकणशी. ऑस्ट्रेलियन माणूस मी तिथे एकदाच पाहिला, आणि तोसुद्धा पत्ता विचारायला आला होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मला ८८० मिळाले. सौभाग्यवतींनी उरलेल्या ११० ची चौकशी केली आणि विषय मिटला. पण याच काळात मी ज्यांची शिकवणी घेत होतो त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर ही वाफ मी कशाला दवडतोय ते कळायचं नाही.

आमच्या प्रेस विभागाचे फोरमन अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांना मी मनातल्या मनात भाऊसाहेब म्हणतो, कारण आमच्या गावचे तलाठी भाऊसाहेब अगदी असेच दिसत : तसेच बुटके, तसाच खिशात पेन्सिलीचा तुकडा. पत्रा कापताना कडेला बर आली की हा माणूस ती हातमोज्यातल्या अंगठ्याने चाचपतो आणि डाय कुठल्या बाजूला झिजली ते सांगतो. २०१८ साली चाकणच्या कारखान्यातून खेड तालुक्यातला एक पोरगा तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला आला होता. भाऊसाहेबांजवळ इंग्रजी शब्द होते सगळे मिळून बारा : दिस, नो गुड, स्लो, डेंजर, वन्स मोअर वगैरे. पहिल्या दिवशी 'वन्स मोअर' ऐकून पोरगा खूश झाला. आपण काम इतकं बेफाम केलं की म्हातारा दाद देतोय, अशी त्याची समजूत. मराठी माणसाला तो शब्द नाट्यसंगीतातून आलेला! पण चौथ्या दिवशी दोघं जमिनीवर उकिडवे बसून खडूने आकृत्या काढताना मी पाहिले. तीन महिन्यांनी तो पोरगा डाय बसवायला शिकून गेला.

आता भाऊसाहेबांची इच्छा एवढीच, की निवृत्त होण्याआधी दोन वर्षं चाकणला जावं आणि अशी दहा पोरं तयार करावीत. चाकणवाल्यांनाही तेच हवं. अडलं कुठे? ६०० च्या रेघेवर.

म्हणून संध्याकाळी सात ते आठ. शिकवताना माझ्या ध्यानात एक गंमत आली. आपल्या मराठीत आणि जपानीत क्रियापद शेवटी येतं, आणि इंग्रजीत जे शब्दाच्या आधी उभं असतं ते दोन्हीकडे शब्दाच्या मागे चिकटतं. 'त्सुकुए नो उए नि' म्हणजे सरळसरळ 'टेबलाच्या वर'. ए, ॲन, द ही पीडा दोघांच्याही घरात नाही. त्यामुळे भाऊसाहेब जिथे चुकतात तिथे ते का चुकले, हे मला ताबडतोब कळतं. मीही तिथेच चुकलो होतो, पाचवीत. अमेरिकन मास्तर ठेवला असता तर त्याला हे सात जन्मांत समजलं नसतं.

एकदा वाक्य होतं : द कमिटी विल मेक ए अमुक ऑन फ्रायडे. खाली डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. भाऊसाहेबांनी आठ सेकंदांत 'डिसिजन' काळं केलं. मी म्हटलं, "शाब्बास! आता सांगा, शुक्रवारी काय होणार आहे?" ते गोंधळले. पुस्तक वरखाली करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "तसं विचारलेलं नाही."

तीन वेळा बसले. ५४५, ५७०, ५९५.

पाचशे पंच्याण्णव! पाच गुणांनी, म्हणजे या परीक्षेच्या सर्वांत लहान नाण्याने, माणूस अडला. मी मनुष्यबळ विभागाच्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "नियम केला की पक्षपात होत नाही. आकडा कोणाचा नातेवाईक नसतो." हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. आमच्या तालुक्यात शिपायाच्या जागा कोणाकोणाच्या मेव्हण्यांना गेल्या ते मी पाहिलं आहे, आणि मेव्हण्यापेक्षा आकडा बरा, हे मी केव्हाही लिहून देईन. पण रेघ? ती तर आकाशातून पडलेली नाही ना! परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की, ऐकणं आणि वाचणं या प्रत्येक भागात साधारण २५ गुणांचा फरक निव्वळ मोजमापाचा असू शकतो. म्हणजे तोच माणूस, तेच इंग्रजी. आज ५९५, उद्या ६२०, परवा ५७५. ज्याने फूटपट्टी बनवली तो म्हणतोय की पट्टी बोटभर हलते, आणि आमचे साहेब तिच्यावर केसाची जाडी मोजताहेत. परीक्षेला मी दोष देत नाही. थर्मामीटरने कोणी भिंतीत खिळा ठोकला तर थर्मामीटर काय करणार?

मी साहेबांना म्हटलं, "जो माणूस यंत्रापाशी उभा राहणार, त्याला यंत्रापाशीच तपासा. चाकणच्या दोन पोरांना पडद्यावर बोलवा, मध्ये एक बिघडलेली डाय ठेवा आणि अर्धा तास बघा. काय कळलं ते त्या पोरांना विचारा. यालाही गुण द्या हवे तर, पाचापाचाने द्या." साहेब कमरेत वाकले आणि म्हणाले, "फारच सुंदर कल्पना आहे." तेव्हाच मी समजलो.

चाकणला ७८० वाला चौतीस वर्षांचा तरुण गेला. पोरगा सज्जन आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याची पत्रं सुरेख असतात. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहिलं की खरोखरच काहीतरी जोडलेलं असतं. फक्त प्रेसला त्याने कधी हात लावलेला नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा, आमच्या जेवणाच्या सुट्टीत, खेडचा तो पोरगा त्याच्या डोक्यावरून परस्पर भाऊसाहेबांना फोन लावतो आणि कॅमेरा डायवर धरतो.

"दिस?"

"नो गुड. शिम. झीरो पॉइंट वन."

"वन्स मोअर?"

"वन्स मोअर!"

आणि भाऊसाहेब डबा झाकून उठतात, कारण चार दिवसांपूर्वी घेतलेली 'इटिनररी' पुन्हा विसरलेली असते.

मार्चमध्ये ते परत बसताहेत. मी म्हटलं, मी आहेच शिकवायला. तर काल त्यांनी दोन नव्या पेन्सिली आणल्या. एक माझ्यापुढे ठेवली. मी विचारलं, मला कशाला? त्यांनी फळ्यावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे गुणपत्रिका दोनच वर्षं चालते. माझं इंग्रजी फेब्रुवारीअखेर संपतंय.