स्लिपर घालून नांगरणी
पालखी विश्रांतवाडीवरून पुढे गेली, आळंदी रस्ता मोकळा झाला आणि आमच्या सोसायटीने बागेसाठी भाड्याने पॉवर वीडर आणला. चालवणारा पोरगा स्लिपर घालून! पात्यांत हरळी अन् नायलॉनची दोरी गुंडाळली, तर हा गडी इंजिन धडधडत असतानाच हात घालायला निघाला. मी ओरडलोच. आधी इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लगची टोपी काढायची, मगच दोरी कापायची. ‘काका, दोन मिनिटांचं काम!’ बोटं जायला तेवढीही लागत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी बिचकले. आम्ही कशालाच बिचकत नाही. ऑइल तपासलंस का, विचारलं, तर म्हणाला, ‘पेट्रोल फुल आहे.’