परिक्रमावासी आणि पूल

नर्मदेच्या ग्वारीघाटावर परवा आरती आटोपल्यावर आपल्याच मंडळींपैकी एकाने मला गाठलं. ‘फादर स्टीफन्सवर लिहिलंत, आता टिळकांवरही लिहा. पण खरं लिहा, त्यांना तुकाराम कळलाच नव्हता!’ एवढं सुनावून गृहस्थ स्कूटरवरून पसार.

टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. केसरीवाले नव्हेत, हे जबलपुरात दर वेळी सांगावंच लागतं. 

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतःच सांगत. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि ते डोंगरावरच्या प्रवचनात गुंतले. त्याच प्रवचनात येशू म्हणतो, मी शास्त्र मोडायला नव्हे, पुरं करायला आलोय. शास्त्र अर्थात मोशेचं. स्टीफन्सने १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त हाच हिशेब ठेवला: पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूचं. ओवी आपली, पण तारणाऱ्याची वाट पाहणारे सगळे यहुदी. टिळकांनी त्या रांगेत आपले संत आणून उभे केले. आमचा पहिला जुना करार तो हाच, म्हणाले. केवढी ही उडी!

आमच्या घाटावर मात्र पुलाची उपमा अडखळते. समोरच्या काठावर गुरुद्वारा दिसतो, होड्या तयार असतात, पण नर्मदेची प्रदक्षिणा करणारा परिक्रमावासी त्यांत पाय ठेवत नाही. नर्मदा ओलांडायची ती समुद्रापाशीच. उलट, पुलावरून गेलेला पूल मागे टाकतो. म्हणून येशूपाशी सारं पुरं झालं म्हणताना संतांचा मान होतो आणि त्यांना पायरीही दाखवली जाते. वारकऱ्याला हे खुपणारच, आणि खुपू द्यावं.

पण टिळकांनी पूल मागे टाकला कुठे? १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावरही ते अभंगच लिहीत राहिले. १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. चर्चच्या शिस्तीत हे कसं बसवायचं, ते धर्मपंडितांनी बघावं. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ला ते गेले तेव्हा अर्धवटच होतं. ते बहुतांशी पुरं केलं पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या या धर्मांतरापायी काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या होत्या.