कान आपला, परीक्षाही आपलीच

रात्री नऊनंतर आमच्या वसतिगृहात एक फेरी मारावी. प्रत्येक खोलीत कोणीतरी डोक्यावर कमान आणि कानांवर दोन वाट्या चढवून बसलेला दिसेल. कोणी व्याख्यान ऐकतो, कोणी गाणे, कोणी घरच्यांशी बोलतो. पूर्वी मॅट्रिक पास झालेल्या मुलाला घड्याळ मिळे, आता हेडफोन मिळतो. पण घड्याळ घेताना ते वेळ बरोबर दाखवते का, एवढे तरी पाहत. हेडफोन घेताना आम्ही काय पाहतो? रंग, किंमत आणि ‘बेस’!

माझेच उदाहरण सांगतो. सुट्टीत शिकवण्या करून साठवलेले बाराशे रुपये घेऊन मी खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. ‘‘काका, चांगल्या आवाजाचा दाखवा,’’ म्हटले. काकांनी खोका पुढे सरकवला. ‘‘घे की रे! ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, २० ते २०,००० हर्ट्‌झ. आणि बेस? छाती हादरते बघ!’’ ढोलताशाचे गाणे अर्धा मिनिट ऐकवले. छाती हादरली. त्याबरोबर अक्कलही हादरली असावी, कारण मी लगेच पैसे मोजले.

खोलीवर येऊन कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण लावले. कुमारजींचा जन्म १९२४ साली आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, म्हणून ते आम्हाला घरचे वाटतात. पण तंबोरा झंकारण्याऐवजी नुसता घुमत होता. डग्गा गळ्यावर चढून बसला होता आणि शब्द गोधडीआडून यावेत तसे येत होते. घरचा माणूस ओळखू येईना!

मग खोक्यावरचे आकडे खोटे होते काय? नाही, ते निरुपयोगी होते. २० ते २०,००० ही तरुण, निरोगी कानाची सर्वसाधारण मर्यादा. त्या टप्प्यातले कोणते स्वर हेडफोन फुगवतो आणि कोणते दाबतो, हे खोक्यावर छापत नाहीत, आणि खरी गोष्ट तीच असते. ड्रायव्हरच्या व्यासाचेही तसेच. तबल्याचे तोंड मोठे म्हणून तो सुरात असतो असे थोडेच आहे?

‘काळी एक’मध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३९, आणि त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाची त्याच्या निम्मी. बरेच स्वस्त हेडफोन नेमका हाच खालचा भाग फुगवतात, कारण दुकानातल्या अर्ध्या मिनिटात तोच भुरळ घालतो. शब्दांची स्पष्टता मात्र बरीच वरच्या कंपनांत असते, ती या घुमण्याखाली झाकली जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, परीक्षा आपण घ्यावी आणि प्रश्नपत्रिकाही आपणच काढावी. दुकानदाराचे गाणे नको, आपल्याला पाठ असलेले लावावे. तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात का? ‘स’ आणि ‘श’ टोचतात का? दोन हेडफोन तोलताना आवाज सारखा ठेवावा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे. आणि परीक्षा अर्ध्या तासाची असावी. दुकानात तेवढे ऐकू देत नसतील तर मित्राचा एक रात्र मागून आणावा.

अर्धा तास यासाठी की, सुख आणि सूर इथे वेगळे नाहीत. वाटीत कान पुरता मावला पाहिजे. पाळी चेपली जात असेल तर खोक्यावर काहीही छापलेले असो, तो कान झाकणारा नव्हे, कान दाबणारा हेडफोन. चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच पाहावे. काडीमुळे गादीला फट पडते, तिथून खालचे स्वर निसटतात आणि काडी कानशिलात रुतते ती वेगळीच. पकड घट्ट असली तर डोके दुखते, सैल असली तर आवाज गळतो. गाद्या वेगळ्या विकत मिळतात का, हेही विचारावे. आमच्या पावसाळ्यात दमटपणाने आणि घामाने रेक्झिनचे पापुद्रे निघायला फार दिवस लागत नाहीत.

काही मित्र म्हणतील, ‘‘बाराशे रुपयांत एवढी चिकित्सा कशाला?’’ मला हे पटत नाही. श्रीमंत चुकला तर दुसरा घेतो, आपल्याला चूक वर्षभर कानावर वागवावी लागते. शिवाय स्वस्त म्हणजे वाईट असेही नाही. बिनतारीत पैशाचा काही भाग बॅटरी आणि ब्लूटूथवर जातो, तर तारेच्या हेडफोनमध्ये तेवढाच पैसा आवाजावर खर्च होऊ शकतो. फोनला तारेचे भोक नसेल, तर एक छोटा जोड लागतो इतकेच.

खरा धोका पुढेच आहे. शब्द झाकले गेले की आपण आवाज वाढवतो. मी वाढवत गेलो. परीक्षेच्या महिन्यात एका रात्री हेडफोन काढला तरी डाव्या कानात शिट्टी चालूच! दोन दिवसांनी ती थांबली, पण डॉक्टरांनी सांगितलेले विसरलो नाही : आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशींमुळे ऐकू येते, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आवाज वाढवायला बोट पुरते, पण ३६ तास गमावले जातात. म्हणून हलक्या आवाजातही जो स्पष्ट ऐकवतो, तोच खरा चांगला हेडफोन, मग तो बाराशेचा असो की बारा हजारांचा.

माझा खोलीसोबती बैलहोंगलचा. त्या शिट्टीच्या रात्री त्याने माझ्या डोक्यावरची कमान उचलली आणि एकच शब्द म्हणाला, ‘‘साकु!’’ पुरे. पंगतीत वाढप्याला आपण हा शब्द सहज ऐकवतो. मित्रहो, तो स्वतःच्या बोटालाही वेळेवर ऐकवायला शिकू या. हेडफोन दुसरा मिळेल, कान मिळणार नाही.