पहिला शब्द म्हणजे थीम नव्हे

'थीम' या शब्दावर फंक्शनल भाषाशास्त्रात निदान तीन घराण्यांचा दावा आहे. "हे एकाच गोष्टीचे वेगवेगळे पैलू" असं म्हणून त्यांचा समेट लावणारे लोक मला पटत नाहीत. पैलू नाहीत हो, एकाच नावाची तीन व्हेरिएबल्स आहेत. असा कोड रिव्ह्यूतून पुढे जाणार नाही.

साधं उदाहरण घ्या. "भाजी कोणी आणली?" "बाबांनी आणली भाजी." या उत्तरात थीम कुठली? हॅलिडेचा इंग्रजीचा निकष जसाच्या तसा लावला तर 'बाबांनी', कारण निरोप तिथून सुरू होतो. ब्रनोच्या यान फिरबासला विचारलं तर 'भाजी', कारण ती आधीच माहीत आहे आणि बोलणं पुढे नेत नाही. ती शेवटी बसली म्हणून काही बिघडत नाही. सिमोन डिकची थीम तर वाक्याच्या बाहेर, आधी उभी असते: "बाबा ना, त्यांचं काही कळतच नाही." म्हणजे आपल्या उत्तरात त्याच्या मते थीमच नाही. एक इनपुट, तीन आउटपुट, त्यातलं एक चक्क नल.

भांडणाचं मूळ प्रागचं. विलेम माथेसियसनं 1939 मध्ये वाक्याचा आरंभबिंदू सांगताना दोन अटी एकत्र बांधल्या: ते माहीत असलेलं हवं आणि बोलणारा तिथून निघायला हवा. हॅलिडेनं हा 'आणि' तोडला. निघण्याची जागा थीमला दिली, आणि माहीत-नवं हा हिशेब आवाजाच्या चढउताराकडे सोपवला. इंग्रजीपुरतं हे हुशारीचं आहे. जपानीत हे काम 'वा' हा प्रत्यय करतो, हे त्यानंच नोंदवलंय. त्यामुळे माझं भांडण त्याच्याशी नाही, पहिलं पद उचलून मोकळे होणाऱ्यांशी आहे.

मराठीत कर्ता-कर्म बऱ्यापैकी विभक्ती सांभाळते, म्हणून शब्द हवे तसे हलतात. शिवाय 'तर' आहे: "भाजी तर बाबांनी आणली." आणि नुसतं "आलोय" म्हटलं तर? पहिलं पद क्रियापदच, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो 'मी' प्रत्ययात लपलेला.

तरी पहिल्या जागेचा निकष टिकतो, कारण तो स्वस्त आहे. वाक्य तोडा, पहिला तुकडा घ्या, एका ओळीचा कोड. फिरबाससाठी मागची वाक्यं वाचावी लागतात.

हा वाद फक्त वर्गातला नाही. फ्रांतिशेक दानेशनं 1974 मध्ये थीमची साखळी वाक्यावाक्यांतून कशी सरकते ते मांडलं. ती साखळी पहिल्या पदांवरून मोजणारं टूल उद्या मराठी निबंध तपासायला बसलं, तर वरच्या संवादात त्याला विषय बदललेला दिसेल: आधी भाजी, मग बाबा. घरात जसं बोलतो तसं लिहिणाऱ्या पोराचे मार्क कापले जातील, आणि प्रत्येक वाक्य 'भाजी'नं सुरू करणाऱ्याला पैकीच्या पैकी.